डॉ. बाबासाहेब आंबेडकर : समाज, सत्ता आणि राष्ट्राचे अर्थकारण

पुणे-मिरज लोहमार्गावर साताऱ्याचे स्थानक मागे पडले की कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव आणि मग मसूर अशी स्थानके ओळीने लागतात. १९०१ च्या सुमारास उन्हाळ्याच्या सुटीत साताऱ्यातील एका घरची मुले या मार्गाने मसूरला येऊन उतरली. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे नोकरीस होते. दुष्काळाने गांजलेल्या लोकांच्या हातांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते आणि त्या कामावरील रोकड सांभाळणे हे वडिलांचे काम होते. मुलांनी आपण येत असल्याचे पत्र पाठविले होते. पण ते वडिलांच्या हाती पडले नाही, त्यामुळे स्थानकावर न्यावयास कोणीच आले नाही. मुलांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने विचारपूस केली. मुले महार आहेत हे समजताच ते चपापले आणि मागे सरले. स्थानकाबाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या. मुलांजवळ भाड्याचे पैसे होते. तरीही एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे द्यावे, गाडी मुलांनीच हाकावी आणि गाडीवानाने बरोबर पायी यावे, या बोलीवर एक गाडी मिळाली. रात्रभराच्या त्या प्रवासात जवळ शिदोरी असूनही पाण्यावाचून मुलांच्या तोंडात घास गेला नाही. त्या मुलांतील एक भीमराव रामजी आंबेडकर होते.

हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आणि अस्पृश्यतेच्या दाहाचे उदाहरण म्हणून तो सर्वत्र सांगितला जातो. आमच्या वाचकांनी तो आणखी एका अंगाने पाहावा, असे आम्हांस वाटते. अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात सांगतात की वस्तूचा किंवा सेवेचा भाव मागणी आणि पुरवठा यांवरून ठरतो. मसूरच्या स्थानकावर गाड्या होत्या, गिऱ्हाईक होते आणि पैसाही होता. तरी व्यवहार अडला. तो सुरू झाला तेव्हा भाव दुप्पट झाला, गिऱ्हाइकाला गाडीवानाचे काम करावे लागले आणि गाडीच्या मालकाने पायी चालावे असे ठरले. हा भाव बाजाराने ठरविलेला नव्हता. तो जातीने ठरविला होता. समाजाची रचना आणि सत्तेचे निर्णय हेच राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेचे खरे साचे असतात, या विचाराभोवती बाबासाहेबांचे पुढील सारे अर्थचिंतन फिरत राहिले. घटनेचे शिल्पकार आणि धम्मचक्राचे प्रवर्तक म्हणून आपण त्यांना वंदन करतो. त्यांच्यातील अर्थशास्त्रज्ञ मात्र भाषणांतून मागे राहतो. या लेखात आम्ही त्या अर्थशास्त्रज्ञाचे चरित्र थोडक्यात मांडत आहोत.

साताऱ्याची वर्षे

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथे लष्करी छावणीत झाला. वडील रामजी हे सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले होते. महार समाजाच्या दृष्टीने सैन्य हा त्या काळी गावगाड्यातून बाहेर पडण्याचा मोठा दरवाजा होता. तेथे रोख पगार मिळे, निवृत्तिवेतन मिळे आणि सैनिकांच्या मुलांना अक्षरओळखही होई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती थांबविली. लष्करी धोरणातील तो एक निर्णय होता. पण त्या निर्णयाने हजारो घरांतील रोख उत्पन्नाचा मार्ग बंद झाला आणि त्या घरांतील तरुणांना पुन्हा वतनाच्या आणि बलुत्याच्या चाकोरीत परतावे लागले. राजकीय निर्णय आणि घरची चूल यांचे नाते बाबासाहेबांच्या पिढीने असे प्रत्यक्ष पाहिले.

रामजी सुभेदार निवृत्तीनंतर काही काळ दापोलीस राहून साताऱ्यास आले. येथेच आई भीमाबाईंचे निधन झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. आज ते विद्यालय प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखले जाते आणि हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ते दिवस दुष्काळाचे होते. १८९६-९७ आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० अशा दोन मोठ्या दुष्काळांनी दख्खन होरपळले होते. कृष्णेच्या काठचा भाग सोडून पूर्वेकडे खटाव-माणच्या बाजूस जावे तसतसे पाणी आटत जाते, हे आपल्या परिसरातील शेतकऱ्यास नव्याने सांगावयास नको. गोरेगावचा तलाव हा त्या टंचाईवरील सरकारी उपाय होता. तेथे मजुरीची रोकड वडिलांच्या हातून वाटली जात होती आणि त्याच वाटेवर त्यांच्या मुलांना प्यावयास पाणी मिळाले नव्हते.

न्यूयॉर्क, लंडन आणि राज्याच्या तिजोरीचा अभ्यास

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईस आले. एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले आणि १९१२ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. झाले. त्यांच्या पदवीचे विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हे होते. ही जोडी त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर १९१३ च्या जुलैमध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे सार्वजनिक वित्तव्यवहाराचे विख्यात अभ्यासक प्राध्यापक सेलिग्मन हे त्यांना गुरू म्हणून लाभले.

एम.ए. च्या पदवीसाठी १९१५ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचा आणि वित्तव्यवस्थेचा अभ्यास केला. कंपनीने केलेल्या युद्धांचा खर्च आणि त्यासाठी झालेले कर्ज हिंदुस्थानच्या माथी कसे बसले, जमीन महसूल आणि मिठावरील कर यांचा भार कोणावर पडला, हे त्यांनी आकड्यांच्या आधारे मांडले. त्यानंतर त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा इतिहास हाती घेतला. मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात उत्पन्नाची वाटणी कशी होत गेली, याचा तो सखोल अभ्यास होता. हा ग्रंथ १९२५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यास सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि तो सयाजीराव महाराजांस अर्पण केलेला आहे. त्यातील निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. कर कोणावर बसवावयाचा आणि पैसा कशावर खर्च करावयाचा, हे ठरविणारे लोक जर प्रजेला उत्तरदायी नसतील, तर हिशेब कितीही चोख असला तरी वित्तव्यवस्था न्याय्य होत नाही, हे त्यातून दिसते. शेतकऱ्याकडून सारा घेतला जात होता आणि गरिबाच्या मिठावर कर होता. सत्तेजवळ असलेल्या सुखवस्तू वर्गांना मात्र त्या मानाने मोकळीक होती. तिजोरीचा प्रश्न शेवटी प्रतिनिधित्वाचा प्रश्न ठरतो, हे तरुण आंबेडकरांनी येथे ओळखले.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनमधील शिक्षण अर्ध्यावर टाकून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत कचेरीतील वागणूक आणि राहण्यास जागा न मिळणे यांमुळे ते टिकू शकले नाहीत. जगातील नामांकित विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस ज्या संस्थानाने आपल्या खर्चाने घडविला, त्याच संस्थानाच्या राजधानीत त्याला डोके टेकावयास जागा मिळाली नाही. राज्याने खर्च केलेले भांडवल समाजाने वाया घालविले, असेच याचे वर्णन करावे लागेल. पुढे १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. काटकसरीने पैसे साठवून आणि मित्रांचे साहाय्य घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. 'रुपयाचा प्रश्न' हा त्यांचा प्रबंध त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि त्यास त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. १८९३ मध्ये सरकारने चांदीच्या मुक्त नाणेपाडणीसाठी टांकसाळी बंद केल्या, तेव्हापासून रुपयाचे मूल्य सरकारी धोरणावर अवलंबून राहू लागले. त्या काळी केन्स यांच्यासारखे नामवंत अर्थशास्त्रज्ञ सुवर्ण विनिमय पद्धतीचा पुरस्कार करीत होते. बाबासाहेबांनी तिला विरोध केला. चलन काढणाऱ्या सत्तेवर मर्यादा नसेल तर चलन वाढते आणि भाव चढतात, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. भाव चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही. व्यापाऱ्याला आणि निर्यातदाराला जो लाभ होतो तो आकाशातून पडत नाही; तो मजुरी करणाऱ्याच्या आणि ठरावीक पगारावर जगणाऱ्याच्या ताटातून उचलला जातो. चलनाविषयी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे १९२५ मध्ये त्यांनी साक्ष दिली, तेव्हाही रुपयाच्या विनिमय दराचा विचार करताना श्रमिक वर्गाचे हित त्यांच्या नजरेसमोर होते. रुपयासारख्या वरकरणी कोरड्या विषयातही कोणाचे काय जाते आणि कोणाला काय मिळते, हा प्रश्न त्यांनी कधी नजरेआड होऊ दिला नाही.

जमीन आणि माग

१९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवर त्यांनी लिहिलेला निबंध आजही आपल्या भागातील शेतकऱ्याने वाचावा असा आहे. जमिनीचे तुकडे होतात म्हणून शेती तोट्यात जाते, ते तुकडे एकत्र करावेत म्हणजे प्रश्न सुटेल, असे त्या वेळी अनेकांचे मत होते. बाबासाहेबांनी प्रश्नाची बाजूच बदलली. शेत किती एकरांचे आहे यावरून ते लाभदायी की तोट्याचे हे ठरत नाही. त्या एकरांवर भांडवल, अवजारे आणि श्रम किती प्रमाणात लागतात यावरून ते ठरते. भारतात जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे पोसली जात आहेत आणि त्यांच्याजवळ भांडवल नाही. म्हणून शेतीचे दुखणे शेतीबाहेर बरे करावे लागेल. उद्योगधंदे वाढले पाहिजेत, म्हणजे जास्तीचे हात तिकडे वळतील, असे त्यांनी मांडले. आज रहिमतपूर-कोरेगावच्या शिवारात ऊस, आले आणि हळद पिकत असली तरी भावाभावांत वाटण्या होऊन गुंठ्यांवर आलेले शेत कोणत्या घरात नाही? घरातील एकाने तरी नोकरी धरावी असे प्रत्येक शेतकऱ्यास वाटते, त्यामागचे कारण या निबंधात शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे.

पण उद्योग आला म्हणजे सर्वांना काम मिळते काय? मुंबईच्या कापड गिरण्यांनी याचे उत्तर दिले होते. गिरणीतील विणाई खात्यात मजुरी तुलनेने चांगली होती. त्या खात्यात धोट्यातील सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे. तेच सूत पुढे दुसऱ्याच्या तोंडास लागणार, म्हणून अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात प्रवेश नव्हता. त्यांच्या वाट्यास कमी मजुरीची खाती येत. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. मालकाकडे न्याय मागणाऱ्या कामगारांनी आपल्याच बंधूंवरील हा अन्याय आधी दूर करावा, अशी त्यांची मागणी होती.

या अनुभवातून आलेले सूत्र त्यांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनाविषयीच्या प्रसिद्ध निबंधात मांडले. जातिव्यवस्था ही श्रमविभागणी आहे असे तिचे समर्थन केले जात असे. त्यांचे उत्तर असे की येथे श्रम करणाऱ्या माणसांचीच विभागणी झालेली आहे आणि तीही उतरंडीची. माणसाचा कल आणि कौशल्य न पाहता जन्मावरून धंदा ठरला की एका धंद्यात मंदी आली तरी माणूस दुसऱ्या धंद्यात जाऊ शकत नाही. अशा समाजात बेकारी वाढते आणि कामाविषयी तिटकारा उत्पन्न होतो. राष्ट्राची उत्पादक शक्ती वाया जाते. जातीचा तोटा फक्त दलितांना होतो असे मानणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. मसूरच्या गाडीवानालाही तो तोटा झाला होता.

वतन, खोती आणि कायदेमंडळ

गावगाड्यातील महार वतन ही गुलामगिरीची जुनी आणि कायद्याने बांधलेली पद्धत होती. वतनाची थोडी जमीन आणि गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते यांच्या मोबदल्यात महाराने सरकारी कामासाठी अहोरात्र हजर राहावयाचे. कामाचे तास ठरलेले नव्हते आणि कामाचे स्वरूपही ठरलेले नव्हते. घरचा कर्ता माणूस नसेल तर घरातील दुसऱ्या कोणी जावयाचे. वतनाच्या या तुकड्याच्या मोहाने समाज गावाला खिळून राहिला आणि त्याची स्वतंत्र कमाईची उमेद मावळली, असे बाबासाहेबांचे निदान होते. मुंबई कायदेमंडळाचे सभासद म्हणून १९२८ मध्ये त्यांनी वतनविषयक कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. त्यास विरोध झाला आणि ते पुढे जाऊ शकले नाही. वतने प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. तीस वर्षांच्या या विलंबाची किंमत किती पिढ्यांनी मोजली असेल!

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. पक्षाच्या नावातच त्यांची दिशा स्पष्ट होती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी कोकणातील खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक त्यांनी कायदेमंडळात मांडले. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधील वसुली करणारा मध्यस्थ. त्याच्या मर्जीवर कुळाचे जगणे अवलंबून असे. ही कुळे निरनिराळ्या जातींची होती. १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर गेला. त्याच वर्षी संपाच्या हक्कावर बंधने आणणाऱ्या औद्योगिक विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर रोजी कामगारांचा एक दिवसाचा संप झाला आणि त्यात बाबासाहेब अग्रभागी होते. खोती अखेर १९४९ च्या कायद्याने गेली. वतन आणि खोती या दोन्ही लढ्यांत त्यांनी एकच गोष्ट दाखवून दिली. जमिनीवरील हक्क निसर्गाने दिलेला नसतो. तो कायद्याने दिलेला असतो आणि कायदा बदलण्यासाठी कायदेमंडळात माणसे असावी लागतात.

मजूर खात्याची धुरा

१९४२ च्या जुलैमध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. सरकार, मालक आणि कामगार यांनी एकत्र बसून प्रश्न सोडवावेत यासाठी त्रिपक्षीय परिषदांची पद्धत त्यांच्या काळात रुजली. कारखान्यांतील कामाचे तास आठवड्यास ५४ होते. ते १९४६ च्या दुरुस्तीने ४८ वर आले. सेवायोजन कार्यालयांची उभारणी त्याच काळात सुरू झाली. आज आपण आठ तासांची पाळी गृहीत धरतो. तिच्यामागे असा कायद्याचा आधार आहे.

या पदाने त्यांच्यापुढे कठीण पेचही उभे केले. युद्धकाळात कोळशाची टंचाई झाली, तेव्हा सरकारने १९४३ मध्ये स्त्रियांना खाणीत जमिनीखाली काम करण्यास असलेली बंदी उठविली. मजूर खात्याचे सभासद म्हणून त्या निर्णयाचे समर्थन करण्याची वेळ बाबासाहेबांवर आली. त्यावर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. ही बंदी १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. चरित्रनायकाच्या गौरवासाठी हा प्रसंग झाकून ठेवावा असे आम्हांस वाटत नाही. सत्तेच्या आत राहून श्रमिकांचे हित साधणे किती अवघड असते, हे यावरून विद्यार्थ्यांस कळेल.

पाणी आणि वीज ही त्यांच्या खात्यातील मोठी कामगिरी होती. १९४३ मध्ये दामोदर नदीला आलेल्या महापुरानंतर त्या खोऱ्याची योजना आखली गेली. नदीला केवळ पुराचे संकट मानू नये. पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक अशा सर्व दृष्टींनी संपूर्ण खोऱ्याचा एकत्रित विकास व्हावा, ही भूमिका त्यांनी परिषदांतून मांडली. १९४५ मध्ये जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन यांसाठी केंद्रीय आयोग स्थापन झाला. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा १९४८ मध्ये झाला. आपल्या भागात कृष्णेचे पाणी उचलून खटाव-माणच्या कोरडवाहू शिवाराकडे नेणारी जिहे-कठापूर योजना पाहिली म्हणजे पाण्याचा प्रश्न पावसाइतकाच निर्णयाचा असतो, हे ध्यानी येते. गोरेगावच्या तलावापासून दामोदरच्या खोऱ्यापर्यंतचा हा प्रवास एका आयुष्यात घडला.

घटना आणि अपुरे राहिलेले काम

स्वतंत्र भारताची घटना कशी असावी याविषयी १९४७ मध्ये त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने एक निवेदन तयार केले. महत्त्वाचे मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा हा राज्याचा व्यवसाय असावा आणि तो सर्वांना सक्तीचा असावा, शेतजमीन राज्याने मोबदला देऊन ताब्यात घ्यावी आणि जातिभेद न करता गावकऱ्यांस सामुदायिक पद्धतीने कसण्यास द्यावी, असे त्यात सुचविले होते. ही आर्थिक रचना घटनेतच असावी, म्हणजे बहुमत बदलले तरी ती मोडता येणार नाही, हा त्यांचा हेतू होता.

ते तसे झाले नाही. २९ ऑगस्ट १९४७ रोजी ते मसुदा समितीचे सभासद झाले आणि पुढे तिचे अध्यक्ष म्हणून साऱ्या देशाच्या वतीने त्यांनी घटना लिहिली. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये समाजवाद हा शब्द घटनेत घालण्याची सूचना आली, तेव्हा त्यांनी तिला विरोध केला. कोणती आर्थिक व्यवस्था स्वीकारावी हे येणाऱ्या पिढ्यांनी ठरवावे, त्यांचे हात आपण बांधू नयेत आणि मार्गदर्शक तत्त्वांत आर्थिक न्यायाचा आशय आलेलाच आहे, अशी त्यांची भूमिका होती. या दोन भूमिकांत अंतर आहे. आमच्या मते, एका समाजाचा प्रतिनिधी म्हणून मागणी करणे आणि सर्वांच्या संमतीने राष्ट्राची चौकट उभी करणे यांतील ते अंतर आहे.

तरीही त्यांच्या आयुष्यातील अनुभव घटनेच्या कलमांतून ओळखू येतात. कलम १५ ने सार्वजनिक विहिरी, तलाव आणि रस्ते सर्वांस खुले केले. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम २३ ने वेठबिगारीस मनाई केली. कलम २८० नुसार केंद्र आणि राज्ये यांच्यातील उत्पन्नाच्या वाटणीसाठी वित्त आयोगाची तरतूद झाली; कोलंबियातील तरुण संशोधकाने ज्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला होता, त्याच प्रश्नासाठी ही कायमची यंत्रणा उभी राहिली. प्रौढ मताधिकाराने सारा भरणाऱ्याला आणि सारा न भरणाऱ्या भूमिहीनालाही समान मत मिळाले.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील समारोपाच्या भाषणात त्यांनी देशाला सावध केले. राजकारणात प्रत्येकाचे मत समान असेल, पण समाजात आणि अर्थकारणात विषमता राहील. हा विसंगतीचा काळ लवकर संपविला नाही तर विषमतेने पोळलेले लोक ही लोकशाहीच उधळून लावतील, असा त्या इशाऱ्याचा आशय होता. हिंदू स्त्रीला मालमत्तेत वाटा देणारे हिंदू संहिता विधेयक रखडले, तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. कन्येचा वारसाहक्क मान्य करणारा कायदा १९५६ मध्ये झाला. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरणही त्याच वर्षी झाले. त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर रोजी, त्यांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि नोव्हेंबरमध्ये काठमांडू येथे बुद्ध आणि मार्क्स यांच्या मार्गांची तुलना करणारे भाषण केले. दारिद्र्य आणि शोषण संपले पाहिजे, पण ते माणसाचे मन बदलून आणि रक्तपात न होता संपले पाहिजे, हा त्यांचा अखेरचा निर्णय होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

वसतिगृह हे अर्थकारणाचेच साधन

आमच्यासारख्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत या चरित्राला स्थान देण्याचे एक विशेष कारण आहे. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाल्यावर तिच्या आरंभीच्या कार्यांत सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढणे हे एक होते. ते १९२५ मध्ये सुरू झाले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि पुढल्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले. आपल्या जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनीही १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवून सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहण्याची आणि श्रम करून शिकण्याची वाट दाखविली होती. या थोरांनी वसतिगृहाकडे दानधर्म म्हणून पाहिले नाही.

वतनदार महाराच्या घरातील मूल गावात राहिले तर ते वतनाच्या कामास जुंपले जाई. गरीब शेतकऱ्याचे मूल गुरांमागे जाई. मजुराचे मूल कामाच्या ठिकाणी धाकट्या भावंडास सांभाळीत बसे. वसतिगृहाने त्या मुलाला त्या घरच्या चाकोरीतून काही वर्षे बाहेर काढले, त्याच्या भोजनाची सोय केली आणि त्याचे तास त्याच्या स्वाधीन केले. जन्माने ठरलेला धंदा बदलण्यासाठी माणसाला प्रथम वेळ मिळावा लागतो आणि तो वेळ गरिबाच्या घरात कधीच शिल्लक नसतो. एका खोलीत निरनिराळ्या गावांची आणि जातींची मुले एकत्र जेवतात, एका माठातील पाणी पितात, तेव्हा उद्याच्या कारखान्यातील, कचेरीतील आणि बाजारातील व्यवहारही थोडे बदललेले असतात.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी काही जण बँकेत जातील, काही शेती करतील, काही सरकारी कचेरीत बसतील, काही स्वतःचा धंदा काढतील. अंदाजपत्रक मांडले जाईल, पिकाचा भाव ठरेल, पाण्याची पाळी लागेल, कोणाला कर्ज मिळेल आणि कोणाला नाकारले जाईल, अशा प्रत्येक ठिकाणी त्यांनी बाबासाहेबांचा एक प्रश्न विचारावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. हा निर्णय कोणी केला आणि त्याची किंमत कोण मोजणार आहे? विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर या स्मरणिकेचे प्रयोजन सफल झाले असे आम्ही समजू.